माथा शेवटी

आठ दिवस! बोलून बोलून, मागे लागून लागून हीनानं मालकाकडून आठ दिवस मागून घेतले, आणि पहिलाच दिवस असा उगवला की तिला वाटलं, कुठून झक मारली आणि तोंड उघडलं.

वरवट बकालच्या मेन रोडवर रुक्मिणी प्रिंटर्स आहे. मालक मोतीरामभाऊ, त्यांनी आईच्या नावानं काढलेली प्रेस. खाली रस्त्याला लागून छपाई, कटिंग मशीन, कागदाचे गठ्ठे आणि घशात जाणारी कागदाची धूळ. वरच्या खोलीत निवृत्तीकाका टायपिंगला. मध्ये सतरा पायऱ्यांचा लोखंडी जिना. काकांचा कॉम्प्युटर खाली बसवावा म्हटलं तर तेही करून झालं होतं. दोनदा खाली आणला आणि दोनदा धुळीनं मेला. म्हणून काका वरच. मजकूर तयार झाला की पेन ड्राइव्ह खिशात टाकायचा, जिना उतरायचा, एक नमुना छापून घ्यायचा. चूक निघाली की पुन्हा वर. दिवसाच्या तीस-तीस फेऱ्या, त्याही वीस वर्षं. एकसष्टाव्या वर्षी गुडघ्यांनी हात टेकले, आणि मागच्या महिन्यात काका तिसऱ्या पायरीवरून घसरले. कागदाच्या गठ्ठ्यावर पडले म्हणून वाचले.

"म्या शेगावचा एक ऑपरेटर पाह्यला," मोतीरामभाऊंनी हीनाला बाजूला घेऊन सांगितलं. "काकाले आता घरी बसू दे. उद्या जिन्यावरून पडून त्याचं काही झालं तं मी कोनाले तोंड दाखवू?"

माणूस वाईट नव्हता, पण एकदा ठरवलं की ठरवलं. आणि काकांनी घरी बसून करायचं काय? बायको कौशल्याबाई जाऊन चार वर्षं झाली. घरात बोलायला भिंती. हीना एकोणिसाव्या वर्षी या प्रेसमध्ये आली तेव्हा तिला मराठी टायपिंग येत नव्हतं. वहाब गादीवाल्याची पोरगी काय मराठी टाईप करणार, असं म्हणणारे म्हणून गेले. काकांनी शेजारी खुर्ची ओढून तिला अक्षर अक्षर शिकवलं. आता ती चोवीस वर्षांची होती, जामोदहून कॉम्प्युटरची पदवी घेऊन बसली होती, आणि त्या पदवीचा एवढाही उपयोग होणार नसेल तर ती चुलीत घालायच्या लायकीची, असं तिचं स्पष्ट मत होतं.

"आठ दिवस द्या भाऊ," ती म्हणाली. "सकाळी चढनं अन् संध्याकाळी उतरनं, दोनच फेऱ्या. मधातली एकही नाही. फाईल आपोआप खाली येईन अन् आपोआप छापून निघन."

"आपोआप म्हंजे?"

"म्हंजे कोनी हात लावाचं काम नाही."

"पाह्य बाप्पा," भाऊ म्हणाले. "पुढच्या शनिवारी मी उभा राहून पाह्यतो. नाही जमलं तं सोमवारपासून शेगाववाला."

युक्ती सोपी होती. म्हणजे सांगायला सोपी. काकांच्या जुन्या कॉम्प्युटरला नवीन प्रिंटरचं सॉफ्टवेअर चढत नव्हतं, म्हणून छापायचं काम खालच्या हीनाच्या नवीन, धुळीला दाद न देणाऱ्या कॉम्प्युटरलाच करावं लागायचं. तिनं वरपासून खालपर्यंत केबल ओढली. तिच्या कॉम्प्युटरवरचं एक फोल्डर काकांना वर दिसेल असं केलं. मग काळ्या स्क्रीनवर एक कमांड लिहिली. ही कमांड त्या फोल्डरच्या दारात बसून राहते. आत फाईल आली, फाईल बदलली, फाईल पुसली, की लगेच एक ओळ लिहून वर्दी देते. वर्दी आली की फाईल उचल, प्रिंटरला समजेल अशी कर आणि एक नमुना छाप. भाऊ नमुना बघणार, बाकीच्या प्रती मग. झालं की नाही काम?

कशाचं काय! पहिल्या शनिवारी काकांनी वर एक पत्रिका सेव्ह केली आणि खाली प्रिंटर सुरू झाला तो थांबेचना. एक, दोन, पाच, नऊ. हीनानं धावत जाऊन बटण दाबलं. झालं होतं असं की छापण्याजोगी केलेली फाईल ती त्याच फोल्डरमध्ये ठेवत होती. दारात बसलेल्या त्या राखणदार कमांडनं तिलाही नवीन फाईल समजून वर्दी दिली, मग तिचीही फाईल, मग तिच्याही फाईलची फाईल.

"हे आपोआप हाय का?" मोतीरामभाऊंनी विचारलं.

वाया गेलेले कागद तिनं टेबलाखालच्या खोक्यात कोंबले. पाठकोरे तरी होतील म्हणून.

रविवारी तिनं तयार फाईल दुसरीकडे ठेवली. ते निस्तरलं आणि दुसरं उगवलं. आता अर्धवट पत्रिका येऊ लागल्या. नवरदेव आहे, नवरी नाही. नवरी आली, तर मुहूर्त मागच्या लग्नाचा. एकाच पत्रिकेचे अकरा नमुने, प्रत्येकात एकच ओळ जास्त. ती दणदण जिना चढून वर गेली आणि काकांच्या मागे उभी राहिली. काकांनी लिहिलं, 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. कंट्रोल-एस. 'आमचे ज्येष्ठ चिरंजीव'. कंट्रोल-एस.

"काका, किती वेळा सेव्ह करता तुमी?"

"लाईन झाली की करतो."

"प्रत्येक लाईनले?"

"मंग? लाईन झाली की सेव्ह. नाईतं लाईन जाते अन् लाईन बी जाते."

आता यावर काय बोलणार? इकडे वीज जात नाही, लाईन जाते, आणि ती कधी सांगून जात नाही. बॅटरी दोन मिनिटंही दम धरत नव्हती. फार वर्षांपूर्वी एका शाळेची चाळीस पानांची स्मरणिका अशीच एका दुपारी उडाली होती. तेव्हापासून काकांच्या बोटांना ही सवय लागली, आणि हीनाला टायपिंग शिकवताना पहिला धडाही त्यांनी तोच दिला होता. ती खाली येऊन प्रोग्राम दुरुस्त करायला बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपणही ओळ लिहून झाली की कंट्रोल-एसच दाबतो. तिला स्वतःच्याच बोटांचा राग आला.

त्यात काकांची दुसरी खोड. ते कोरं पान कधी उघडायचेच नाहीत. जी फाईल शेवटी उघडली होती तीच पुन्हा उघडायची आणि जुन्या मजकुरावर एकेक ओळ बदलत नवीन मजकूर चढवायचा. जुनं लग्न पुसत जायचं, नवीन लग्न लागत जायचं. 'तेरवी फायनल' नावाच्या फायलीत साखरपुडा असायचा आणि 'साखरपुडा फायनल'मध्ये दवाखान्याच्या उद्घाटनाचं आमंत्रण. सगळ्या फायलींच्या नावात 'फायनल' होतंच, अगदी पहिली ओळ लिहायच्या आधीपासून. नावावरून काम झालं की नाही हे ओळखावं म्हटलं तर तीही वाट बंद.

सोमवारी तिनं प्रोग्रामला सांगितलं, फाईल बदलली की लगेच धावू नको. दहा मिनिटं काही हालचाल नसेल तरच छाप. काका नेमके त्या दिवशी पंधरा मिनिटं फोनवर होते. मुलीकडच्यांचं म्हणणं, मोठ्या काकाचं नाव धाकट्या मामाच्या आधी पाहिजे. तेवढ्या वेळात खाली मामाविना पत्रिका छापून तयार. मंगळवारी तिनं दहाचे तीस केले. गिऱ्हाईक अर्धा तास बाकड्यावर बसून राहिलं आणि मोतीरामभाऊ दर दोन मिनिटांनी तिच्याकडे बघत राहिले.

"पेन ड्राइव्ह बरा होता वं," ते म्हणाले. "त्याले निदान कळत होतं कधी याचं ते."

अगदी वर्मावर बोट! पेन ड्राइव्हला काही कळत नव्हतं, काकांना कळत होतं. काम झालं हे काकांना कळायचं आणि मग ते उठायचे. ह्या मेल्या राखणदाराला फक्त एवढंच कळत होतं की काहीतरी बदललं. बदललं म्हणजे संपलं नव्हे, हे त्याला समजवायचं कसं?

बुधवारी तिचा तोल गेला. "काका, हात जोडते, एक दिवस सेव्ह नका करू. पूर्ण झालं की एकदाच करा. एकदाच!"

काका "हाव" म्हणाले. सकाळपासून त्यांनी जीव मुठीत धरून टाईप केलं. ओळ संपली की बोट आपोआप कंट्रोलकडे जायचं आणि ते ओढून परत आणायचे. एका मोठ्या एकत्र कुटुंबाची पत्रिका होती, नव्वद नावं. साडेअकराला चौऱ्याऐंशी नावं झाली आणि लाईन गेली.

हीना वर धावली. काका अंधाऱ्या स्क्रीनसमोर बसले होते, हात अजून की-बोर्डवर.

"गेलं?" तिनं विचारलं.

"लिवतो पुन्हा," ते म्हणाले. बस, एवढंच. रागावले असते, बोलले असते, तर बरं झालं असतं. ती जिन्यात बसून रडली, आणि ते रडणं दुःखाचं कमी, संतापाचं जास्त होतं. आपण या माणसाला वाचवायला निघालो आणि त्याचीच सकाळ पाण्यात घातली, असं तिला झालं.

गुरुवारी तिनं शेवटचा इलाज केला. 'तयार' नावाचं वेगळं फोल्डर. "काका, तुमी पाह्यजे तेवढं सेव्ह करा तुमच्या फोल्डरमधी. काम पूरं झालं की फक्त ते 'तयार'मधी टाका. मी फक्त 'तयार'वर नजर ठेवते."

काकांनी मान डोलवली. पहिली पत्रिका अगदी नीट आली. हीनानं श्वास सोडला. आणि मग काकांनी दुसऱ्या कामासाठी, नेहमीप्रमाणे, शेवटची फाईल उघडली. ती कुठे होती? 'तयार'मध्येच! त्यात त्यांनी ओळ बदलली, कंट्रोल-एस. ओळ बदलली, कंट्रोल-एस. खाली प्रिंटर पुन्हा कागदावर कागद ओकायला लागला. हीनानं ते न बघताच गोळा केले आणि खोक्यात फेकले. दुपारभर फेकत राहिली.

शुक्रवारी सकाळी भाऊ म्हणाले, "उद्या अकरा वाजता पाह्यतो मी. मंग मले त्या शेगाववाल्याले सांगा लागन, ये का नको येऊ."

"हाव भाऊ," ती म्हणाली. तिच्याकडे एकही नवीन युक्ती उरली नव्हती.

डोकं चालत नाही म्हटल्यावर माणूस हात चालवतो. तिनं टेबलाखालचं खोकं ओढलं आणि पाठकोरे कागद लावायला बसली. सगळ्यात वर गुरुवार दुपारचे कागद होते. चहूबाजूंनी आंब्याच्या पानांची नक्षी, लग्नपत्रिकेची. पण आत लिहिलं होतं, 'मा. मोतीरामभाऊ, रुक्मिणी प्रिंटर्स यांस'. आणि खाली मागच्या लग्नातली ओळ तशीच: 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!'

तिला आधी हसू आलं. तिनं पुढचा कागद उचलला. त्यात एक ओळ जास्त होती. 'विनंती अर्ज करतो की, गुडघ्याच्या त्रासामुळे माझ्याकडून काम होत नाही.' हसू तिथंच वाळलं. तिसऱ्या कागदावर आणखी एक ओळ: 'व माझ्यामुळे त्या पोरीला नाहक त्रास होतो.' चौथ्यावर ती ओळ बदललेली होती. 'त्या पोरीला' खोडून 'इतरांना' केलं होतं. पाचव्यावर, 'तरी मला कामावरून मोकळे करावे.' सहाव्यावर आत्याचं लग्न गेलं होतं आणि तिथं आलं होतं, 'आपला विश्वासू, निवृत्ती'.

या अल्ला, हे आपण केलं! आपण त्यांना सेव्ह करू नका म्हटलं, आपण त्यांची नव्वद नावं घालवली, आपण सात दिवस त्यांच्या डोक्यावर उभं राहिलो. भाऊंनी काढायच्या आधीच माणूस स्वतः निघाला. आणि आपल्याच त्या मुर्दाड राखणदारानं त्यांचा अर्ज ओळ ओळ छापून आपल्याच हातात आणून दिला.

तिनं ते सहा कागद पुन्हा पुन्हा बघितले. मग तिला वाटलं, हा अर्ज भाऊंपर्यंत अजून पोचला कसा नाही? काल दुपारी लिहिला, अर्ज पूर्ण आहे, खाली नावही आहे. काका थांबलेत कशासाठी? तिनं सहावा कागद उजेडाकडे धरला. मजकूर पूर्ण होता. फक्त वरची ओळ कोरी होती. नक्षीच्या खाली, जिथे देवाचं नाव असतं, तिथे काहीच नव्हतं.

तिनं पाचवा बघितला. कोरी. चौथा, कोरी. तिनं सगळं खोकं जमिनीवर उलथं केलं. रविवारच्या अकरा पत्रिका लावल्या. पहिल्या दहांची वरची ओळ कोरी, अकरावीवर '॥ श्री ॥'. मामाविना छापलेली पत्रिका, कोरी. एका निकाहचे सात कागद होते. सहा कोरे, सातव्यावर '७८६'. ती जमिनीवर पसरलेल्या कागदांमध्ये बसूनच राहिली. मग अर्जाचे सहा कागद घडी करून ओढणीत खोचले आणि जिना चढली.

काका चष्मा पुसत होते. तिनं अर्जाचं नाव काढलं नाही.

"काका, तुमी वरची लाईन शेवटी लिवता?"

"माथा? माथा शेवटीच राह्यते." काकांना प्रश्नच समजला नाही, दोन नि दोन चार का असं विचारल्यासारखं. "तुले नाही शिकवलं म्या?"

"नाही शिकवलं."

"राह्यलं असन. आमचे नारायणराव होते खामगावच्या प्रेसात. तवा शिशाचे खिळे. एकेक अक्षर हातानं जुळवाचं. पान जुळून झालं, सुतळीनं बांधलं, की मंग माथा बसवाचा. अर्धं पान उचलताना सांडलं तं? देवाचं नाव खाली मातीत, लोकाच्या पायात. नारायणराव पाठीत धपाटा घालत. माथा शेवटी! काम पूरं झाल्याबिगर देवाले बोलवाचं नाही म्हने. तो काय अर्ध्या मांडवात येऊन बसन?"

"अन् जुनी फाईल उघडता तवा?"

"तवा पह्यले माथा उतरवाचा. मंग बाकीचं."

"आमच्यातल्या पत्रिकेचं बी?"

"तुमचा देव का मातीत पाडू?" काका चिडले. "काऊन विचारून राह्यली वं?"

हीना दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली. सात दिवस! सात दिवस ती घड्याळ लावत होती, फोल्डर बदलत होती, त्या म्हाताऱ्या बोटांना बांधून ठेवत होती, आणि काम झालं हे काका प्रत्येक पानावर सगळ्यात वर लिहून सांगत होते. फक्त तिनं तिकडे बघितलं नव्हतं. तिनं आधीचं सगळं पुसलं आणि दोन ओळी लिहिल्या. पहिली ओळ कोरी असेल तर नुसती नोंद कर आणि गप्प बस. भरलेली असेल तर छाप. दोन ओळी! स्वतःच्या कानशिलात मारावी असं तिला वाटलं.

शनिवारी अकराच्या ठोक्याला मोतीरामभाऊ येऊन प्रिंटरजवळ उभे राहिले. एक हात प्रिंटरवर, जणू तो पळून जाणार होता. भिंतीशी हीना काळ्या स्क्रीनसमोर. वर काकांना नवीन पत्रिकेचा मजकूर पोचला होता, हरिओम आणि अनुपमा, बोडखा गावचं लग्न.

स्क्रीनवर पहिली ओळ उमटली. हीनानं ती वाचली आणि पुन्हा वाचली.

'अर्ज फायनल: बदलली. माथा कोरा.'

एरवी जुन्याच नावावर भागवणाऱ्या काकांनी अर्जाला मात्र नवीन नाव दिलं होतं, आणि आता तोच उघडला होता. आजच, आत्ता, भाऊ प्रिंटरवर हात ठेवून उभे असताना! पुन्हा ओळ उमटली. 'अर्ज फायनल: बदलली. माथा कोरा.' आता ते काय दुरुस्त करत असतील? 'इतरांना'चं पुन्हा काही करत असतील का? एकदा का वर श्री लिहिला की तिच्याच प्रोग्रामच्या दोन ओळी ही फाईल उचलणार, छापणार आणि थेट भाऊंच्या हातात देणार. वर पळत जावं तर भाऊ विचारणार कुठं चालली. प्रोग्राम बंद करावा तर परीक्षाच बुडाली.

'माथा कोरा.' 'माथा कोरा.' 'माथा कोरा.'

"काही होऊन नाही राह्यलं," भाऊ म्हणाले.

"काम चालू हाय भाऊ. अर्धं काम छापत नाही आता ते."

तेवढ्यात लाईन गेली. पंखा थांबला, स्क्रीनवरची अक्षरं विझली. भाऊंनी कपाळावर हात मारला. सात-आठ मिनिटांनी लाईन आली. हीनानं सगळं पुन्हा सुरू केलं, आणि वरून काकांच्या खुर्चीचा आवाज आला. शांतपणे, जिथून सोडलं होतं तिथून, पुन्हा: 'माथा कोरा.' एक ओळही वाया गेली नव्हती. एरवी तिनं टाळी वाजवली असती. आज ती मनात म्हणत होती, काका, नका लिहू वरची ओळ. नका लिहू.

'अर्ज फायनल: बदलली. माथा भरला.'

प्रिंटर घरघरला. एकच कागद, एकदाच. ती उठायच्या आत भाऊंनी तो उचलला आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"श्री," त्यांनी मोठ्यानं वाचलं. हीनानं डोळे मिटले. "आमचे येथे श्रीकृपेकरून... चिरंजीव हरिओम... चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी अनुपमा..."

तिनं डोळे उघडले.

"बराबर हाय," भाऊ वाचत गेले. "मुहूर्त बराबर. मामा हाय, काका हाय. आपले विनीत..." ते थांबले. "हे काय वं? 'आपला विश्वासू, निवृत्ती'? काका कोनाकडून हाय लग्नात, मुलाकडून का मुलीकडून?"

"चूक झाली भाऊ," हीना म्हणाली. "जुन्या फायलीतली लाईन हाय. काढाची राह्यली."

"कोनत्या जुन्या फायलीतली?"

हीनाचा हात ओढणीतल्या घडीकडे गेला. भाऊंनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा तिच्या तोंडाकडे, मग जिन्याकडे. 'आपला विश्वासू' अर्जाखाली लिहितात, पत्रिकेखाली नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

"जाय," ते म्हणाले. "सांग त्याले, खालची लाईन काढ म्हना. मी शेगावले फोन लावतो, येऊ नको म्हनतो." आणि नाक शिंकरत ते रस्त्यावर गेले.

काका वर हात मांडीवर घेऊन बसले होते. हीनानं कागद समोर धरला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. काकांनी ती वाचली आणि एकदम वर बघितलं.

"तुले माहीत होतं?"

"परवापासून छापून येऊन राह्यला तो. सहा वेळा." तिनं ओढणीतली घडी काढली आणि टेबलावर ठेवली. "काका, लिवला होता ना पूरा? मंग?"

"पूरा कुठं होता? माथा कुठं होता त्याले?" काका म्हणाले. "परवा बसलो होतो लिवाले. श्री लिवाले हातच चालेना. काल तू विचारून गेली अन् मंग त बिल्कुलच नाही चालला. आज लग्न आलं. म्हटलं, खिळे कायले वाया घालवाचे? मोडला अर्ज, लावला लग्नात." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "एक लाईन राह्यली."

"काढा ती."

काकांनी ती ओळ निवडली आणि पुसली. मग त्यांचं बोट कंट्रोलवर गेलं आणि थांबलं. त्यांनी हीनाकडे बघितलं, बुधवारी बघायचे तसं, परवानगी मागितल्यासारखं.

"दाबा ना काका," ती चिडून म्हणाली, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला सुचलं नाही. "लाईन झाली की सेव्ह."

काकांनी कंट्रोल-एस दाबलं, आणि खाली प्रिंटर सुरू झाला.